डावीकडचा कठडा

गाडीचा डावा आरसा दुसऱ्यांदा फुटला तेव्हा आमच्या घरात कुणी आवाज चढवला नाही. एरवी आमच्याकडे दूध उतू गेलं तरी चौकशी समिती बसते. त्या दिवशी बाबा खालून वर आले, चावी टीव्हीशेजारच्या हुकाला अडकवली आणि म्हणाले, "पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकली परत." आईने त्यांना पाणी दिलं. मी आईकडे पाहिलं, तिने बारीक मान हलवली, म्हणजे आत्ता नको. हा 'कुणीतरी' दर वेळी डावीकडूनच का येतो हे विचारायला कुणी तयार नव्हतं, कारण उत्तर माहीत होतं. निदान मला आणि आईला तरी.

त्याच्या आदल्या वर्षी बाबांना मेंदूचा लहानसा झटका येऊन गेला होता. हातपाय, बोलणं, स्वभाव, सगळं हळूहळू जागेवर आलं. स्वभाव जरा जास्तच. एकच गोष्ट आली नाही. दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या डाव्या कानामागून एक पेन सावकाश पुढे आणत होते आणि बाबा समोर बघत बसले होते. पेन गालापाशी आलं, डोळ्याच्या कडेला आलं, आणि नाकासमोर पोचलं तेव्हा बाबा खुशीत म्हणाले, "दिसलं!" डोळे उत्तम आहेत, डॉक्टर आम्हाला बाहेर म्हणाले, पण मेंदू डावीकडचं चित्र घेत नाही. त्यांना तिथे अंधार दिसतो असंही नाही. त्यांच्या लेखी तिथे काही नसतंच. बाबांना मात्र डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "सध्या गाडी नको." तो 'सध्या' बाबांनी घरी आणला आणि मग सोयीप्रमाणे वापरला.

घरात ते आम्हाला सगळ्यात आधी ताटात कळलं. आमच्याकडे वाढायची शिस्त कडक. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. बाबा जेवून उठायचे आणि ताटाची डावी बाजू जशीच्या तशी. "आज चटणी नाही केलीस?" असं विचारायचे, आणि चटणी तिथेच असायची, खोबऱ्याची, लसूण घातलेली, त्यांचा जीव की प्राण. आईने काही दिवस पाहिलं आणि मग एके दुपारी एक शब्द न बोलता सगळं उजवीकडे वाढायला सुरुवात केली. सणाच्या पानात मीठ चुकीच्या जागी पडलं म्हणून मला अख्खं पान पुन्हा वाढायला लावणारी ही बाई. बाबा मिटक्या मारत म्हणाले, "हां, आता कशी चव आली!"

आणि आता या माणसाला गणपतीला स्वतः गाडी चालवत गावी जायचं होतं. मुलुंडहून थेट मालवणच्या अलीकडे, पहाटे निघून संध्याकाळपर्यंतचा रस्ता. ट्रक, घाट, खोदून ठेवलेला हायवे, मध्येच रस्त्यावर येणारी गुरं. आणि डाव्या सीटवर आई.

ही हौस कुठून आली ते मला माहीत आहे. आजोबा गिरणीत होते. ते गावी जायचे ते एसटीच्या टपावर ट्रंक टाकून. बाबांनी कंपनीच्या गोदामात आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर गाडी घेतली ती मुंबईत फिरवायला नाहीच. गावच्या अंगणात, तुळशीच्या बाजूला उभी करायला. गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी अंगणात वळली की वाडीतली माणसं पडवीतून उठून यायची, बॉनेटवर हात फिरवायची, आणि बाबा उगाच म्हणायचे, "अरे, धूळ लागली हा तिका." झटका आला त्या वर्षी आम्ही खासगी बसने गेलो. जो भेटेल तो विचारायचा, "गाडी खंय?" बाबा प्रवासाने दमले नाहीत, त्या प्रश्नाने दमले.

आता माझं सांगते. मी गाड्यांच्या शर्यतीचे गेम बनवते. अंधेरीला मरोळच्या बाजूला आमचं छोटं ऑफिस आहे, आणि तिथे माझं काम म्हणजे गाडी चालते कशी हे ठरवणं. टायर रस्त्याला किती धरणार, ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबणार, वळणावर मागचं चाक कधी सुटणार, हे सगळं माझ्या हातात. प्रत्यक्षात मला गाडी चालवता येत नाही. "पुढच्या सुट्टीत शिकवतो" असं बाबा मी कॉलेजात असल्यापासून म्हणत आले आणि दर सुट्टीत मला मागे बसवत आले. मी मागे बसूनच रस्ता पाठ केला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण त्याचा मला पगार मिळतो.

सुरुवातीला मी खरेपणाच्या बाजूची होते. आमच्या गेममध्ये एक घाटाचा ट्रॅक आहे, तो मी आमच्या गावच्या रस्त्याच्या आठवणीतून बनवला. उजवीकडे डोंगर, डावीकडे पांढरा-काळा कठडा आणि कठड्यापलीकडे दरी. ओला रस्ता मी ओल्या रस्त्यासारखा केला. उशिरा ब्रेक दाबला की गाडी सरळ कठड्यावर जायची, जशी जाते. गेम बाजारात गेला आणि लोकांनी आम्हाला धुतलं. गाडी साबणासारखी घसरते. ब्रेक लागत नाहीत. बकवास गेम, पैसे परत करा. गेम फुकट होता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण आमचं पोट त्याच अंगणावर.

आमचा बॉस माझ्याच वयाचा, हळू बोलणारा माणूस. त्याने मला बाजूला घेतलं. "अगं, खरी गाडी चालवायची हौस कुणाला आहे यार? दिवसभर त्या घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तेच करतात ना लोक. त्यांना वाटायला पाहिजे की आपण भारी चालवतो. बस."

"मग आवाज, धूळ, काचेवरचे थेंब, हे सगळं कशाला इतकं खरं करतोय आपण?"

"तेच तर. ते खरं असलं की बाकीचं पण खरं वाटतं."

त्याचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मग मी शिकले. खरेपणा डोळ्यांना द्यायचा, कानांना द्यायचा, चाकांना नाही. ब्रेक उशिरा दाबला तर गाडी आधीच थोडी हळू झालेली असते. कठडा जवळ आला की स्टिअरिंग किंचित आतल्या बाजूला वळतं, खेळणाऱ्याने वळवलं नाही तरी. कुणी सारखा हरत असेल तर ही मदत गुपचूप वाढत जाते आणि पुढच्या गाड्या जरा दमल्यासारख्या चालतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा का माणसाला शंका आली की आपल्याला कुणी धरलंय, की सगळी मजा गेली. गेम चालायला लागला, लोक पाच पाच तारे द्यायला लागले, "काय कंट्रोल आहे माझा!" असं लिहायला लागले. मी माझ्या कामात तरबेज झाले.

बाबांकडे फिजिओथेरपीला बाई यायच्या. त्या म्हणाल्या, हात आणि नजर एकत्र कामाला लागेल असं काहीतरी द्या, पत्ते, कॅरम, मोबाइलवरचा गेम, काहीही. मी माझा जुना टॅब्लेट आणून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आमचा गेम लावून दिला. गाडीपासून दूर ठेवायला गाडीचंच खेळणं. तेव्हा ती युक्ती मला फार हुशारीची वाटली होती.

पहिले काही दिवस ते प्रत्येक वळणावर डावीकडचा कठडा घासत गेले. मी शेजारी बसून बघत होते. मग मदत वाढली, जशी वाढायला मी बनवली होती. घासणं कमी झालं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा दारातच टॅब्लेट घेऊन उभे. घाटाच्या ट्रॅकमध्ये पहिला नंबर. गाडीला ओरखडा नाही.

"हो आपलो घाट आसा," ते म्हणाले. "माका प्रत्येक वळण म्हायत आसा."

ते रोज दाढी करायला लागले होते. जेवण वाढलं होतं. वॉचमनला बोलावून स्वतःचा खेळ दाखवत होते. आणि मग एक दिवस सकाळच्या चहाला म्हणाले, "डोळा सुधारतोय माझा. डावीकडचं पकडायला लागलोय मी." आई माझ्याकडे बघत होती, खरंच का, असं. मी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तुटून आत पडलं.

त्याच आठवड्यात त्यांनी गाडी बाहेर काढली. पेट्रोल भरायला, मग हवा भरायला, मग नुसतीच, बॅटरी उतरू नये म्हणून. आई बरोबर जायची. गुडघेदुखीमुळे खालच्या वाण्याकडे न जाणारी माझी आई बाबांच्या सलूनलासुद्धा गाडीतून जायला लागली आणि बाहेर बाकड्यावर बसून राहायला लागली.

मी एक उपाय केला. टॅब्लेट घेतला आणि त्यांच्यापुरती सगळी मदत काढून टाकली. माझ्या मूळ, खऱ्या, ओल्या रस्त्याच्या गाडीवर त्यांना बसवलं. म्हटलं, आपलं आपल्याला कळेल, मला सांगावं लागणार नाही. बाबा पहिल्याच वळणाला डावीकडच्या कठड्यात गेले. परत सुरू केलं, परत गेले. दुपारभर तेच, तोच पत्रा चेपल्याचा आवाज, जो मी महिनाभर खपून अस्सल करून घेतला होता. मी आतल्या खोलीतून तो ऐकत होते.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "तुमचा गेम बिघडलाय. काय अपडेट-बिपडेट करता आणि वाट लावता. चांगला होता तो."

म्हणजे ते तसेच निघाले, बाकी सगळ्यांसारखे. जिंकलो तर मी भारी, हरलो तर गेम खराब. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, दाढी केली नाही. आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ते होतं तसं कर बघू आधी. त्यांचा चेहरा बघवत नाही माझ्याने." मी होतं तसं केलं. बाबा पुन्हा पहिले यायला लागले.

एका रविवारी आम्ही तिघं घाटकोपरला मावशीकडे गेलो. मी मागे बसले, आईच्या पाठीमागे. मी खूप दिवसांनी त्या गाडीत बसत होते. बाबा चांगले चालवत होते. इतके चांगले की मला वाटलं, आपणच उगाच घाबरतोय. मग माझं लक्ष आईच्या बोलण्याकडे गेलं.

ती गप्पच बसत नव्हती. "अहो, हा रिक्षावाला बघा कसा खेटतोय डावीकडे." "अगोबाई, फुटपाथवर केवढा भाजीवाला बसलाय, रस्ता ठेवला नाही हो." "ती स्कूटीवाली पोरगी, हेल्मेट तरी घालायचं!" सगळी कुरकुर डाव्या बाजूची. उजवीकडून एक बस अंगावर आल्यासारखी गेली, त्याबद्दल चकार शब्द नाही. आणि ती रिक्षा म्हणाली की गाडी अलगद उजवीकडे सरकायची, भाजीवाला म्हणाली की वेग कमी व्हायचा. "माका दिसता. तू गप रव," बाबा खेकसायचे, आणि वळवायचे. तिचा उजवा हात पूर्ण वेळ हँडब्रेकवर होता, वरून ओढणीचं टोक टाकलेलं.

मला ते ओळखायला वेळ लागला नाही. माझा धंदाच तो.

घरी आल्यावर मी तिला विचारलं. ती नारळ खवत होती. तिने खवणं थांबवलं नाही.

"मग काय करू? एकटे जाऊ देऊ?"

"त्यांना माहितीये, तू असं करतेस ते?"

"नाही. आणि सांगायचं पण नाही तू. एवढंच राहिलंय त्यांच्याकडे."

"आई, गावाला दिवसभर जायचंय. हायवेवर तू बोलेपर्यंत ट्रक येऊन गेलेला असेल."

"देव आहे."

"देव डावीकडे बसणार आहे का?"

तिने खवणी बाजूला सारली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर आले. नंतर ती स्वतःच येऊन हळू आवाजात म्हणाली की परवा ती दुपारी झोपली असताना ते एकटे चावी घेऊन गेले होते. दुसरा आरसा तेव्हा फुटला होता. आरशाला काय लागलं ते तिने विचारलं नव्हतं. खाली जाऊन तिने काचा गोळा केल्या होत्या आणि दाराच्या पत्र्यावर हात फिरवून पाहिला होता. हात कोरडा निघाला तेव्हा ती वर आली होती.

मी बाबांशी बोलून पाहिलं. सरळ सांगितलं, गाडी नको, ड्रायव्हर करू. "ड्रायव्हर?" ते हसले. "गावी ड्रायव्हर घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील, म्हातारा मागे बसून आला? आणि तुला काय कळतं गं? तुला येते का चालवता?" येत नव्हती. मी बसची तिकिटं काढून ठेवली होती ती त्यांनी मला न सांगता रद्द केली. गाडी गॅरेजला नेली, नवा आरसा बसवला, ब्रेक तपासून घेतले. आई गावी न्यायच्या सामानाची यादी बोलून दाखवायला लागली, डाळ, कापूर, वाती, आणि मध्येच थांबायची. मला दिवसा ऑफिसात बसल्या बसल्या ती दोघं दिसायची. हायवे, बाबांचे हात स्टिअरिंगवर, आणि आई बोलतेय, बोलतेय, बोलतेय. पुढे जेवणानंतरचं ऊन, तिची मान कलंडलेली. मग मी स्क्रीनवरची गाडी उगाच कठड्यावर नेऊन आदळायला बघायचे आणि ती काही केल्या आदळायची नाही, माझीच मदत मला आदळू द्यायची नाही.

गणपतीला थोडे दिवस राहिले होते. रविवारी सकाळी मखराचं सामान आणायला जायचं ठरलं. निघण्याआधी मी आईला स्वयंपाकघरात धरलं. "आज नाक्यापर्यंत काही बोलू नकोस. फक्त नाक्यापर्यंत. गल्लीतून गाडी हळूच जाते. त्यांचं त्यांना कळू दे."

"आणि काही झालं तर?"

"मी मागे आहे ना. मी ओरडेन."

तिने बराच वेळ ओटा पुसला. मग हो म्हणाली.

गाडी गेटमधून बाहेर पडली. आई गप्प. आमची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. रविवार म्हणून लोक निवांत चालत होते. बाबांनी एकदा आईकडे मान वळवली, परत समोर पाहिलं. डाव्या बाजूने एक सायकल गेली, दाराला जवळजवळ घासून. बाबांच्या लेखी ती नव्हतीच. मी सीटच्या कडेवर आले. पुढे डावीकडे एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या पुढून एक बाई रस्त्यात येत होती, कडेवर बाळ, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. मला ती पूर्ण दिसत होती. पिशवीवरचं पाणीसुद्धा.

"बाबा!" मी ओरडले.

त्यांनी पाय उचलला नाही. त्यांनी वर आरशात पाहिलं, माझ्याकडे, काय झालं म्हणून.

आईने हँडब्रेक ओढला. गाडीने आचका दिला, इंजिन बंद पडलं, माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. काचेतून ती बाई दिसत होती, बॉनेटला टेकल्यासारखी. ती किंचाळली नाही. तिने बाळाचं डोकं हाताने झाकलं होतं आणि ती आमच्याकडे नुसती बघत होती, एकेकाकडे. मग चालायला लागली. मी शिव्यांची वाट बघत होते. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांचे हात स्टिअरिंगवर होते. ते माझ्याकडे वळले नाहीत. बाईकडेही बघत नव्हते. त्यांनी पूर्ण मान वळवून आईकडे पाहिलं.

"तू बोलली का नाहीस?"

मागे हॉर्न सुरू झाले. एक बाइकवाला खिडकीशी येऊन "काका, हलवा ना!" म्हणून गेला. गाडी रस्त्याच्या मधोमध होती, आणि आमच्या तिघांत ती चालवता येणारा एकच माणूस होता.

बाबांनी गाडी सुरू केली. "बोल," ते आईला म्हणाले.

आई बोलायला लागली. आता कुरकुर नाही, लाडीगोडी नाही. "डावीकडे टेम्पो. अजून आहे. संपला. आता मोकळं. माणूस उभा आहे. थांबा. गेला." बाबा ती म्हणेल तसं करत होते. पुढच्या चौकातून वळून आम्ही परत आलो. तेवढा रस्ता मी सीटचं कापड मुठीत धरून बसले होते. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, टेम्पोपाशीही नाही.

त्यांनी आमच्या जागेत गाडी लावली आणि बंद केली. कुणी उतरलं नाही.

"डाव्या हाताचं मला काही दिसत नाही," बाबा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "हॉस्पिटलमधून आलो तेव्हापासून."

"मला वाटलं, तुम्हाला कळत नाही," आई म्हणाली. ती रडत होती.

"तुला तसं वाटत होतं, म्हणून म्हटलं वाटू दे. तू बोलत होतीस, मी चालवत होतो. चाललं होतं ना. पण मध्ये मला वाटलं, खरंच सुधारतंय. आईशप्पथ वाटलं. म्हणून एकटा गेलो त्या दिवशी."

मग ते मागे वळले. डावीकडे बसलेल्या मला बघायला त्यांना खांद्यापासून वळावं लागलं.

"त्या तुझ्या घाटात पुढे पुढे मी डावीकडचा कठडा एकदा पण घासला नाही. तो कसा काय?"

मी सांगितलं. ऑफिसात नवीन माणसाला सांगते तसंच सांगितलं, दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते सांगता आलं नसतं. की कठडा जवळ आला की गाडी आपोआप आत वळते. तुम्ही वळवली नाही तरी. की हरणाऱ्याला मदत जास्त मिळते.

"म्हणजे मी हात लावला नसता तरी?"

"तरी गेली असती, बाबा."

"आणि मध्ये बिघडला होता तेव्हा?"

"बिघडला नव्हता. मी मदत काढून टाकली होती."

"म्हणजे तेव्हा तो खरा होता." त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी चावी काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली, ती उचलते की नाही हे न बघता.

माझ्या कामाबद्दल ते इतक्या वर्षांत कधी एक शब्द बोलले नव्हते.

"छान केलंयस गं," ते म्हणाले. "अजिबात कळत नाही."